फेरीच्या वेळेचा दाखला

मुंबईच्या उपनगरांत वेगाच्या साधनांनी वाकोल्याइतकी वेढलेली वस्ती क्वचितच दुसरी सापडेल. उत्तरेस सांताक्रूझ विमानतळाच्या धावपट्ट्या, कडेने रात्रंदिवस वाहणारा पश्चिम द्रुतगती महामार्ग, त्याच्या पलीकडे उपनगरी रेल्वेचे रूळ, आणि रूळ ओलांडून समुद्राच्या दिशेने गेले की १९२८ साली सुरू झालेला जुहूचा तो जुना विमानतळ, जेथे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. याच जुहूच्या धावपट्टीवर एकेकाळी मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती होत असत, हे मात्र आजच्या वाकोलेकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. शर्यतीसाठी म्हणून बांधलेला मार्ग त्या काळी देशात नव्हता. मद्रासकडच्या हौशी मंडळींनी शोलावरमची महायुद्धकालीन धावपट्टी जवळ केली, तशी मुंबईकरांनी जुहूची केली. सपाट, रुंद आणि रहदारीपासून मुक्त अशी डांबराची पट्टी मिळाली, की कडेला घड्याळ घेऊन कोणीतरी उभा राहणार हे ओघानेच आले.

आज मुंबईत असा मार्ग नाही. ज्याला आपली मोटार तिच्या पूर्ण सामर्थ्यानिशी, पण कायद्याच्या आणि सुरक्षिततेच्या मर्यादेत चालवून पाहायची असेल, त्याला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने श्रीपेरुंबुदूरनजीक इरुंगाट्टुकोट्टै येथे बांधलेल्या ३.७१७ किलोमीटरच्या मार्गावर, कोइम्बतूरजवळच्या २.१ किलोमीटरच्या कारी मोटर स्पीडवेवर, किंवा ग्रेटर नोएडा येथे २०११ साली फॉर्म्युला वनसाठी उघडलेल्या ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर जावे लागते. म्हणजे वाकोल्याच्या पुलावरून निघालेल्या माणसाला पहिला गिअर खऱ्या अर्थाने टाकण्यापूर्वीच हजाराहून अधिक किलोमीटरचा प्रवास घडतो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या छंदाचे माहेर कोल्हापूर होय. तेथे मोहिते कुटुंबाने कार्टिंगचा मार्ग उभारून मुलांना लहानपणापासून चक्रधर करण्याची तजवीज केली, आणि कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक पुढे ब्रिटिश फॉर्म्युला ३ मालिकेपर्यंत पोहोचला. लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या धावांची मोजदाद होते. परंतु तेथे वळण नाही, आणि वळणाशिवाय फेरी नाही.

हौशी चालकांसाठी असा मार्ग खुला ठेवला जातो त्या दिवसाला सर्वत्र ‘ट्रॅक-डे’ असेच म्हणतात. ठराविक शुल्क भरून चालक आपलीच मोटार घेऊन येतो. ब्रेक, टायर, शिरस्त्राण यांची तपासणी होते. निशाणांचे अर्थ समजावून सांगितले जातात. अनुभवानुसार गट पाडले जातात, आणि प्रत्येक गटाला पंधरा-वीस मिनिटांसाठी मार्ग मोकळा करून दिला जातो. पुढच्या मोटारीला मागे टाकायचे ते सरळ पट्ट्यावर, तेही तिच्या चालकाने हाताने खूण केल्यावरच. येथे क्रमांक नाहीत, बक्षिसे नाहीत, प्रतिस्पर्धी नाही. मग माणूस कशाशी झुंजतो? तो आपल्याच मागच्या फेरीशी झुंजतो, आणि त्या झुंजीचा निवाडा करणारा एकमेव साक्षीदार घड्याळ असल्यामुळे, त्या साक्षीदाराची विश्वासार्हता किती, हा प्रश्न वरवर दिसतो त्याहून बराच मोठा ठरतो.

प्रतिस्पर्धी शेजारी नसताना केवळ काळाशी धावण्याची कल्पना आपल्याकडे परकीही नाही. खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतील बैलगाडा शर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक असते, की तेथे दोन गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. प्रत्येक गाडा आपली बारी आली की एकट्यानेच घाट चढून जातो, त्याने घेतलेले सेकंद ध्वनिक्षेपकावरून पुकारले जातात, आणि सर्वांत कमी वेळ घेणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबलेल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त पुन्हा सुरू झालेल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाच्या निर्णयाने कायम झालेल्या या शर्यतींत सारा खेळ दहा-पंधरा सेकंदांत आटोपतो; म्हणून कळ दाबणाऱ्याच्या बोटाला तेथे केवढे महत्त्व येते, आणि अलीकडे सेन्सरची घड्याळे का बसवली जातात, हे सहज उमजते. ट्रॅक-डेवरील हौशी चालकाची अडचण नेमकी तीच आहे.

प्रथम त्या बोटाचाच विचार करू. जुन्या यांत्रिक थांब-घड्याळाचा काटा सेकंदाच्या पाचव्या किंवा दहाव्या भागाने पुढे सरके. आजच्या स्वस्त घड्याळातले क्वार्ट्झचे स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा स्पंदते, आणि दहा लाखांत वीस भागांची चूक गृहीत धरली तरी दोन मिनिटांच्या फेरीत त्याची चूक अडीच-सहस्रांश सेकंदाहून अधिक होत नाही. म्हणजे दोष घड्याळाकडे नाही. तो डोळा, मेंदू आणि बोट यांच्यामधल्या अंतरात आहे. दिसलेल्या घटनेला उत्तर म्हणून बोट हलायला साधारणपणे सेकंदाचा पाचवा भाग लागतो. एवढी मोठी तफावत ऐकून नवशिक्या खचतो. पण फेरी मोजताना कळ दोनदा दाबली जाते, दोन्ही वेळा उशीर जवळजवळ सारखाच होतो, आणि वजाबाकीत तो नाहीसा होतो. उरतो तो एका दाबण्यातून दुसऱ्या दाबण्यात पडणारा अनियमित फरक, आणि तो सरावलेल्या हाताच्या बाबतीत सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत राहतो. शिवाय मोजणारा रेषेशी काटकोनात उभा राहील, आणि मार्गाच्या अलीकडची व पलीकडची अशा दोन खुणा एका दृष्टिरेषेत आणून मोटारीचे नाक त्या रेषेला लागताच कळ दाबील, तर तिरकस पाहण्यामुळे होणारी चूकही टळते.

या साध्या साधनाचा एक गुण मात्र महागड्या साधनांच्या गर्दीत विसरला जातो. लागोपाठ दहा फेऱ्यांची एकूण वेळ मोजली, तर चूक केवळ पहिल्या आणि शेवटच्या दाबण्यात होते. ती समजा सेकंदाचा दहावा भाग असली तरी दहा फेऱ्यांत वाटली जाऊन सरासरी फेरीमागे शतांश सेकंदच उरते. ज्याचे चालवणे खरोखर एकसारखे आहे, त्याला शे-दोनशे रुपयांचे घड्याळ आणि मन लावून मोजणारा एक मित्र एवढ्यावर पुष्कळ काही कळू शकते. एकाच वेळी मार्गावर आठ-दहा मोटारी असल्या म्हणजे मात्र ही पद्धत कोलमडते, कारण एकच डोळा सगळ्यांचा हिशेब ठेवू शकत नाही.

तेथून यंत्राचा अंमल सुरू होतो. सर्वांत सोपे यंत्र म्हणजे अवरक्त किरणांचा झोत: कडेच्या कठड्यावर प्रक्षेपक ठेवायचा, मोटारीत ग्राहक बसवायचा, आणि झोत ओलांडला की नोंद घ्यायची. सरळ धावपट्टीवर एकेक मोटार सोडली जाते तेथे हे उत्तम चालते. परंतु दोन मोटारी जोडीने रेषा ओलांडू लागल्या तर एकीची सावली दुसरीवर पडते. म्हणून अधिकृत शर्यतींत निराळी व्यवस्था असते. मार्गाच्या पृष्ठभागाखाली रुंदीभर तारेचे वेटोळे पुरलेले असते, आणि प्रत्येक वाहनावर बसवलेला ट्रान्सपाँडर आपला स्वतंत्र क्रमांक अखंड पुकारत असतो. वेटोळ्यावरून जाताना तो संकेत ज्या क्षणी सर्वांत तीव्र होतो तो ओलांडण्याचा क्षण मानला जातो. यामुळे वीस वाहने एकदम आली तरी कोणाची नोंद कोणाच्या खात्यावर जात नाही. या पद्धतीत चुकीला जागा उरते ती बसवण्यात. एका मोटारीचा ट्रान्सपाँडर पुढच्या बंपरवर आणि दुसरीचा मागे बसवला, तर दुसरीसाठी रेषा जणू दोन-तीन मीटर सरकते, आणि रेषा आधी कोणी ओलांडली ही तुलना निरर्थक होते.

परंतु आपल्या हौशी मंडळींच्या हाती बहुधा ही साधने नसतात. त्यांच्या हाती असतो उपग्रहांवर विसंबणारा जी.पी.एस. यंत्रसंच किंवा नुसता मोबाइल. त्याचे कार्य बारकाईने समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यासंबंधीची सर्वसाधारण समजूत वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह आण्विक घड्याळे वाहून नेतात, आणि त्यांच्या संकेतांवरून साधा ग्राहकसुद्धा काळ इतक्या सूक्ष्मतेने जाणतो की मोटारीच्या फेरीच्या दृष्टीने ती सूक्ष्मता अमर्याद म्हणावी. त्याला खात्रीने कळत नाही ते स्थान. मोकळ्या आकाशाखालीही दोन-तीन मीटरांचा संदेह राहतो, आणि उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून संकेत आले तर तो वाढतो. वाकोल्याच्या एखाद्या गल्लीत उभे असताना मोबाइलच्या नकाशावरचा ठिपका शेजारच्या गल्लीत दिसतो, त्याचे कारण हेच. तेव्हा या पद्धतीत वेळेची चूक घड्याळातून येत नाही. ती स्थानाच्या संदेहातून जन्मते, आणि तिचे मूल्य स्थानाची चूक भागिले मोटारीचा वेग एवढे असते.

हे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुढचे सारे नियम त्यातून आपोआप निघतात. मोटार ताशी १८० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ५० मीटर जात असेल, तर एक मीटरचा संदेह म्हणजे ०.०२ सेकंद, तीच मोटार अरुंद वळणातून ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटर सरकत असेल, तर तोच मीटर ०.१ सेकंदाची चूक घडवतो. म्हणून मोबाइलवर काल्पनिक समाप्तिरेषा आखायची ती सरळ पट्ट्यावर, जेथे वेग मोठा असेल तेथे. पिटच्या, म्हणजे मोटारी उभ्या करण्याच्या आवाराच्या, दारापाशीच ती असली पाहिजे असा कोणताही शिरस्ता उपग्रहांना बांधलेला नाही. ती मार्गाला लंब असावी आणि मार्गापेक्षा बरीच रुंद असावी, नाहीतर स्थान थोडे बाजूला दिसताच फेरी मोजलीच जात नाही.

दुसरी गोष्ट नोंदींच्या संख्येची. सामान्य मोबाइल सेकंदाला एकदाच स्थान टिपतो. खास यंत्रसंच दहा किंवा पंचवीस वेळा टिपतात. ताशी १८० च्या वेगाला मोबाइलच्या दोन नोंदींत ५० मीटरांचे अंतर पडते, आणि रेषा त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी ओलांडलेली असते. तो क्षण काढण्यासाठी संगणक दोन बिंदूंमधला वेग सारखाच होता असे धरून त्रैराशिक मांडतो. वेग खरोखर स्थिर असेल तर हे त्रैराशिक चोख उतरते. पण रेषा ब्रेक लावण्याच्या जागी असली तर गृहीतकच ढासळते, आणि उत्तरात सेकंदाच्या दोन-तीन शतांशांची भर अगर घट होते. तेव्हा रेषा सरळ पट्ट्यावर तर असावीच, पण पट्ट्याच्या शेवटी, ब्रेकच्या जागेजवळ नसावी.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. स्थानाचा हा संदेह क्षणोक्षणी उड्या मारत नाही. तो सावकाश, मिनिटामिनिटाने वाहत जातो. म्हणजे दुपारी तीन वाजता यंत्र जर सर्व काही दीड मीटर पूर्वेला दाखवत असेल, तर दोन मिनिटांनंतर पुन्हा रेषेवर येईपर्यंत ते जवळजवळ तेवढेच पूर्वेला दाखवील, आणि वजाबाकीत ती चूक बहुतांशी नाहीशी होईल, अगदी हाताच्या कळीतल्या उशिरासारखी. त्यामुळे स्थान मीटरांनी चुकीचे असूनही फेरीची वेळ काही शतांशांच्या आत विश्वसनीय असू शकते. फसगत होते ती निराळ्या ठिकाणी: सकाळच्या नोंदीवर सायंकाळची नोंद नकाशावर ठेवून ‘मी या वळणात आता एक मीटर आतून गेलो’ असा निष्कर्ष काढणाऱ्याची.

आता दशांशचिन्हापुढच्या अंकांविषयी. १९९७ साली स्पेनमधील हेरेझ येथे फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत जॅक व्हिलनव्ह, मायकेल शूमाकर आणि हाइन्झ-हाराल्ड फ्रेंट्झन या तिघांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद अशी सहस्रांशापर्यंत तंतोतंत एक आली, आणि ती आधी नोंदवली म्हणून व्हिलनव्हला पहिली जागा मिळाली. याच्या उलट धडा १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकचा आहे. ४०० मीटर संमिश्र जलतरणात स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांच्यात ०.००२ सेकंदांच्या फरकावर सुवर्णपदक ठरवले गेले. पोहणारा सेकंदाला दीड मीटर पुढे जातो असे धरले तर हा फरक तीन मिलिमीटरांचा होतो, आणि तलावाच्या दोन पट्ट्यांच्या लांबीतच याहून अधिक अंतर असू शकते. तेव्हा जलतरणात पुढे शतांशापलीकडे न जाण्याचे मुकरर झाले, ते योग्यच झाले. घड्याळ किती बारीक मोजू शकते यापेक्षा मार्ग, रेषा आणि यंत्राची बसवणी किती बारीक निश्चित आहे याला महत्त्व आहे. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा यांचे कांस्यपदक ५५.४१ विरुद्ध ५५.४२ अशा एका शतांशाने गेले. तेथे छायाचित्रण आणि समान अंतर यांमुळे त्या शतांशाला खरा अर्थ होता. मोबाइलने दाखवलेल्या ‘२:१२.६८४’ मधल्या शेवटच्या दोन अंकांना तसा अर्थ नाही, आणि ते आपल्या नोंदवहीत उतरवू नयेत हेच बरे.

येथे एका गंभीर बाबीचा उल्लेख केलाच पाहिजे. इंग्लंडातील अनेक ट्रॅक-डे आयोजक फेरी मोजण्यास सक्त मनाई करतात, कारण वेळ मोजली की सराव स्पर्धेच्या सदरात जातो आणि विम्याचा आधार सुटतो. पण विम्यापलीकडेही त्या मनाईत तथ्य आहे. चालू फेरी मागच्या उत्तम फेरीपेक्षा किती पुढे वा मागे आहे हे क्षणोक्षणी दाखवणारा पडदा ज्याच्या समोर आहे, त्याची नजर वळणाच्या आधी पडद्याकडे जाते, आणि सेकंदाला ४० मीटर धावणाऱ्या मोटारीत अर्ध्या सेकंदाची नजरचूक म्हणजे २० मीटर आंधळेपणाने कापलेले असतात. माझे मत असे, की हौशी चालकाने मोजावे जरूर, पण पाहावे सत्र संपल्यावर. आणि हेच मोजणे महामार्गावर करू पाहणाऱ्या तरुणांसाठी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम आहे: परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे अथवा वेगाची चाचणी घेणे यासाठी, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुढच्या अपराधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रात्री दोन वाजता वाकोल्याचा उड्डाणपूल मोकळा दिसतो. पण त्यावर मार्शल नाही, निशाण नाही, आणि पादचारी आहे.

वेळ बिनचूक हाती आली असे धरले, तरी ती वाचायची कशी हा प्रश्न उरतोच. पिटमधून बाहेर पडतानाची पहिली आणि परततानाची शेवटची फेरी हिशेबात घेऊ नये. जिच्यात पुढे संथ मोटार आडवी आली, तीही बाजूला ठेवावी. उरलेल्या प्रत्येक फेरीशेजारी हवेचे तापमान, टायरमधील हवेचा दाब, टाकीतले पेट्रोल आणि शेजारी कोणी बसले होते काय, हे लिहावे. सकाळच्या २४ अंशांवरून दुपारच्या ३६ अंशांवर पारा गेला की हवा सुमारे चार टक्क्यांनी विरळ होते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्तीही जवळपास तेवढीच घटते. ही बाब न जाणता दुपारी मंदावलेल्या वेळेचा दोष चालक स्वतःला देतो, किंवा जेवणाच्या सुट्टीत बदललेल्या निर्दोष टायरांना.

समजा इरुंगाट्टुकोट्टैच्या मार्गावर एका चालकाच्या चार फेऱ्या २:१४.८, २:१२.१, २:१५.६ आणि २:११.९ अशा झाल्या, आणि दुसऱ्याच्या २:१२.९, २:१२.६, २:१२.८ आणि २:१२.७ अशा. संध्याकाळच्या गप्पांत पहिल्याचे २:११.९ गाजेल. परंतु माझ्या मते अधिक चांगला चालक दुसरा आहे, कारण तो आपल्या मोटारीला तेच काम पुन्हापुन्हा सांगू शकतो. त्याने टायरमधील दाबात थोडा फेरफार केला आणि वेळ अर्ध्या सेकंदाने सुधारली, तर ती सुधारणा त्या फेरफाराचीच आहे असे त्याला म्हणता येते, आणि पहिल्याला मुळीच म्हणता येत नाही, कारण त्याच्या फेऱ्यांतली स्वाभाविक तफावतच साडेतीन सेकंदांहून अधिक आहे. म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलण्यापूर्वी आपल्या फेऱ्या परस्परांच्या जवळ आणाव्यात.

पहिल्यालाही मार्ग आहे. मार्गाचे तीन-चार खंड पाडावेत, प्रत्येक खंडाची वेळ वेगळी काढावी, आणि निरनिराळ्या फेऱ्यांतील उत्तम खंड एकत्र मिळवून पाहावेत. येणारी बेरीज बहुधा त्याच्या सर्वोत्तम फेरीहूनही कमी भरते, आणि ती बेरीज त्याने प्रत्यक्ष चालवलेल्याच तुकड्यांची असल्यामुळे तिला कोणी कल्पित म्हणू शकत नाही. मग ज्या खंडात फेरीगणिक सर्वांत मोठा चढउतार दिसतो तेथे वळावे. बहुतेकांच्या बाबतीत तो खंड लांब सरळ पट्ट्याच्या आधीच्या वळणाचा निघतो: आत शिरताना घाई केली म्हणून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर उशिरा दाबला गेलेला असतो, आणि ती कसूर वळणात न दिसता पुढच्या साऱ्या पट्ट्यावर वेगाच्या तुटीने वसूल होत राहते. पुढच्या सत्रात त्या एकाच वळणाआधी ब्रेक जरा लवकर लावून, अॅक्सिलरेटर जरा लवकर दाबून पाहावे, बाकी मार्ग पूर्वीसारखाच चालवावा, आणि पिटमध्ये परतल्यावर त्या एकाच खंडाचे आकडे एकाखाली एक मांडावेत.